डोंगरातली वाणी शरीरावरून ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाणी, पैसा, सहस्रपाद, मिलिपीड: नावं अनेक, प्राणी तोच. ओल्या पालापाचोळ्यातून संथ चालणारा आणि हात लागताच वेटोळं घालून बसणारा. जगभरातल्या सुमारे 12,000 प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि त्या 16 गणांत विभागल्या आहेत. डोंगरात फिरणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या लोकांकडून त्यांच्या ओळखीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वर्गीकरणाचे शब्द मराठीत वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात, म्हणून आधीच सांगते: या पानावर गण म्हणजे ऑर्डर, कुळ म्हणजे फॅमिली, वंश म्हणजे जीनस आणि प्रजाती म्हणजे स्पीशीज.

माझ्याकडे पाठीचा एक छान स्पष्ट फोटो आहे. प्रजातीचं नाव कळेल का?

बहुतेक वेळा नाही. हे ऐकून पुष्कळजण हिरमुसतात, पण खरं ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. पाठीच्या फोटोवरून गण जवळजवळ नेहमी सांगता येतो, कुळ पुष्कळदा आणि वंश कधीकधी. प्रजातीपर्यंत जायला प्रौढ नर लागतो, त्याची पोटाकडची बाजू लागते आणि प्राणी नेमका कुठे सापडला ते ठिकाण लागतं.

जिथवर पुरावा आहे तिथवरच नाव द्या. ‘गण पॉलिडेस्मिडा, पुढचं अनिश्चित’ अशी नोंद दुसरं कुणी उद्या पूर्ण करू शकतं. चुकीच्या प्रजातीच्या नावाने केलेली नोंद मात्र नकाशावर ठिपका बनून बसते, आणि पुढचे दहाजण तो ठिपका बघून आपापल्या फोटोला तेच नाव देतात.

ही वाणी आहे की गोम?

शरीराच्या मधल्या भागातलं एक वलय निवडा आणि त्याला किती पाय आहेत ते बघा. वाणीच्या तिथल्या प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या असतात, गोमेच्या प्रत्येक खंडाला एकच. वाणीचे पाय बहुधा अंगाखालून निघतात आणि चालताना त्यांची लाट दिसते, तर गोमेचे कडेने बाहेर पसरलेले असतात. गोम सपाट आणि चपळ असते आणि तिच्या डोक्याखाली विषारी नांग्यांची जोडी असते. वाणीला तसलं शस्त्र नाही, ती चावत नाही.

गोळा होऊन बसलेला प्राणी वाणीच असतो का?

नाही. गोळा होणारे काही कवचधारी समपाद प्राणीही त्याच पालापाचोळ्यात राहतात आणि ते खेकडा-झिंग्यांच्या नात्यातले असतात. गोळा उलगडेपर्यंत थांबा. त्यांना पायांच्या सात जोड्या असतात. गोळा होणाऱ्या वाणीला सतरा किंवा त्याहून जास्त.

गोळा होणाऱ्या वाण्यांचे गण मुख्यतः दोन. उत्तर गोलार्धात ग्लोमेरिडा आढळतात. ते लहान असतात, लांबी साधारण दोन सेंटिमीटरच्या आत, मादीला पायांच्या 17 जोड्या आणि नराला 19. मादागास्कर, दक्षिण आफ्रिका, भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियात स्फेरोथेरिडा आढळतात. ते सहसा बरेच मोठे असतात, मादीला 21 जोड्या आणि नराला 23. दोन्ही गणांत नराच्या जास्तीच्या जोड्या शरीराच्या शेवटी असतात आणि त्या मादीला धरून ठेवण्यासाठी बदललेल्या असतात. बहुतेक वाण्यांत नर सातव्या वलयावरून ओळखतात (ते पुढे येईलच), पण इथे शेपटीकडे बघायचं.

वलयं आणि पाय मोजताना दर वेळी आकडा वेगळा येतो. नेमकं कुठून सुरू करायचं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मोजणी एकदा जमली की निम्मी ओळख आपोआप होते.

डोक्यामागचं पहिलं वलय कॉलरसारखं दिसतं. त्याला पाय नसतात, पण मोजणीत ते पहिलंच. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वलयाला पायांची एकेक जोडी. पाचव्यापासून पुढे बहुतेक वाण्यांत प्रत्येकी दोन. शेवटचं वलय, म्हणजे गुदद्वाराचं, बिनपायाचं आणि त्याच्या आधीचं एक किंवा अधिक वलयंही बिनपायांची असू शकतात. या हिशेबाने पायांची आठवी आणि नववी जोडी सातव्या वलयावर येते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोजणी बरोबर आली का हे तपासायला पॉलिडेस्मिडा गण फार सोयीचा. त्यातल्या बहुतेक प्रौढांना कॉलर आणि शेवटचं वलय धरून 20 वलयं असतात. पहिल्याला शून्य, पुढच्या तिघांना मिळून तीन जोड्या, पाचव्या ते अठराव्या अशा चौदा वलयांना अठ्ठावीस, शेवटच्या दोघांना शून्य. म्हणजे मादीला 31 जोड्या. नराच्या चालत्या पायांच्या 30, कारण एक जोडी प्रजननपायांत, म्हणजे मादीपर्यंत शुक्राणू पोचवणाऱ्या अवयवांत, बदललेली असते. तुमचा आकडा याच्याशी जुळला तर पद्धत पक्की झाली असं समजा. या गणातल्या काही प्रजातींत मात्र प्रौढांनाही 19 वलयं असतात, तेवढी सूट ठेवा.

लांब नळीसारख्या वाण्यांत वलयांची संख्या प्रजातीगणिक ठरलेली नसते, वयाबरोबर ती वाढत राहते. तिथे आकड्याने प्रजाती ठरत नाही, फक्त साधारण टप्पा कळतो. या वाढीचा कळस 2021 मध्ये वर्णन झालेल्या युमिलिपीस पर्सेफोनी या प्रजातीत दिसला. पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली 60 मीटर खोल खोदलेल्या छिद्रातून ती मिळाली. तिच्यातल्या एका मादीला 1,306 पाय होते, शरीराची लांबी दहा सेंटिमीटरच्या आत आणि रुंदी एक मिलिमीटरहून कमी. त्याआधीचा विक्रम कॅलिफोर्नियातल्या इलाक्मे प्लेनिपीसच्या 750 पायांचा होता.

मोजायचं ते फोटो मोठा करून. जिवंत वाणीवर मोजायला गेलं की ती मध्येच वळते आणि आकडा निसटतो. फोटोवर दर दहाव्या वलयाला खूण करत गेलं की चूक राहत नाही.

शरीराच्या ठेवणीवरून गण कसा ठरवायचा?

आडवा छेद कसा असेल याची कल्पना करा. वाणी गोल नळीसारखी आहे, वरून सपाट आहे, की पाठ घुमटासारखी आणि पोट सपाट आहे?

वरून सपाट दिसत असेल, प्रत्येक वलयाच्या दोन्ही कडा छपराच्या पाखीसारख्या बाहेर आलेल्या असतील आणि डोळे अजिबात नसतील, तर तो जवळजवळ नक्की पॉलिडेस्मिडा. प्रजातींच्या संख्येत हा सगळ्यांत मोठा गण. या पाख्यांचा आकार ओळखीसाठी फार उपयोगी पडतो: टोकं गोल आहेत की मागे वळलेली टोकदार, कडेला दाते आहेत का, पाख वर उचललेली आहे की खाली झुकलेली. काहींच्या पाख्या काट्यांसारख्या उभ्या राहतात, म्हणून त्यांना ड्रॅगन मिलिपीड म्हणतात. काहींच्या मात्र इतक्या लहान असतात की प्राणी गोल नळीच वाटतो. अशा वेळी डोळे नाहीत आणि वलयं वीसच आहेत, या दोन गोष्टी सोडवतात. पाख्यांच्या कडेला गंधग्रंथींची छिद्रंही असतात, पण सगळ्या वलयांवर नाही. नेहमीची मांडणी 5, 7, 9, 10, 12, 13 आणि 15 ते 19 अशी असते. या मांडणीत फरक दिसला तर लिहून ठेवा, वंश ठरवताना तो कामाला येतो.

गोल नळीसारख्या वाण्यांत तीन गण नेहमी गोंधळात टाकतात. स्पायरोबोलिडाच्या कपाळावर मधोमध उभी शिवण ठळक दिसते आणि शरीराची दोन्ही टोकं बोथट गोल असतात. स्पायरोस्ट्रेप्टिडात अशी ठळक शिवण नसते. आफ्रिकेतली 30 सेंटिमीटरच्या पुढे जाणारी आर्किस्पायरोस्ट्रेप्टस जायगस याच गणातली. जुलिडा मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात मिळतात. त्या सडपातळ असतात, अनेकींच्या वलयांवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात आणि काहींच्या शेपटीला टोक असतं. अनेक जुलिडांत प्रौढ नराची पायांची पहिली जोडी आकड्यासारखी वळलेली असते, ही खूण भिंगातून सहज दिसते.

थंड, उंच डोंगरात काम करणाऱ्याने कॉर्ड्युमॅटिडा हा गण नीट शिकून घ्यावा. बाकीच्या ठिकाणी तो दुर्लक्षित राहतो, पण डोंगरी जंगलांत आणि गुहांत त्याच्या भरपूर प्रजाती असतात. खूण पक्की आहे: प्रत्येक वलयावर सहा ठळक केस, डाव्या बाजूला तीन आणि उजव्या बाजूला तीन. पाठीच्या मधोमध बारीक खोबण, वलयं साधारण 26 ते 32, लांबी बहुधा अडीच सेंटिमीटरच्या आत. गंधग्रंथींची छिद्रं नसतात. शेपटीच्या टोकाला रेशीम काढणारे अवयव असतात. त्या गोल नळी असल्या तरी काहींना खांद्यासारखे उंचवटे असतात आणि घाईत त्यांची नोंद पॉलिडेस्मिडा म्हणून होते. ते सहा केस शोधलेत तर ही चूक होणार नाही. कॅलिपोडिडा हा जवळचा गणही रेशीम काढतो, पण त्याच्या अंगावर बहुधा लांबीच्या दिशेने उठून दिसणारे कंगोरे असतात.

पॉलिझेनिडा इतक्या वेगळ्या असतात की एकदा पाहिल्यावर विसरत नाहीत. लांबी दोन-चार मिलिमीटर, अंग मऊ, कवचात चुना नाही, सगळीकडे केसांचे झुपके आणि शेपटीला ब्रशसारखा गुच्छ. झाडाच्या सालीखाली, दगडांवरच्या शेवाळात बघा. मुंगी अंगावर आली तर शेपटीचे आकडेदार केस तिच्यात अडकतात आणि ती त्यांत गुरफटते.

डोकं अगदी लहान, त्रिकोणी किंवा चोचीसारखं, आणि शरीर लांब व घुमटाकार असेल तर प्राणी पॉलिझोनिडा, प्लॅटिडेस्मिडा किंवा सायफोनोफोरिडा यांपैकी असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरातली गुलाबी ब्रॅकिसिबी लेकाँटी यांतलीच. ती कुजक्या लाकडावरच्या बुरशीवर घोळक्याने राहते आणि तिचा नर अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांची राखण करतो. प्राणिजगतात बापाने अशी राखण करणं दुर्मीळच. असा नर दिसला तर फोटो काढा आणि ओंडका होता तसा ठेवा.

डोळ्यांवरून काही कळतं का?

कळतं, आणि लोक हे बघायचं विसरतात. वाणीचे डोळे म्हणजे साध्या डोळ्यांचे ठिपके. पॉलिडेस्मिडात ते नसतातच. स्टेमिउलिडा या गणात प्रत्येक बाजूला एखाददुसराच मोठा ठिपका असतो. जुलिडात डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांचा त्रिकोणी पुंजका असतो, आणि कात टाकताना त्यात नवी रांग येते. त्यामुळे रांगा मोजून त्या प्राण्याने किती वेळा कात टाकली याचा अंदाज बांधता येतो. गुहेत राहणाऱ्या प्रजातींत डोळे कमी होत जातात किंवा नाहीसे होतात, म्हणून ‘डोळे नाहीत’ एवढ्याच आधारावर पॉलिडेस्मिडा म्हणू नका.

काळ्या अंगावर पिवळे ठिपके. इतका ठळक रंग असताना ओळख अवघड का?

कारण तोच रंग चार वेगळ्या प्रजातींचा असू शकतो, आणि एकाच प्रजातीचे सहा वेगळे रंग असू शकतात.

ही अतिशयोक्ती नाही. 2018 मध्ये अ‍ॅपलेशियन डोंगरातून अफेलोरिया पॉलिक्रोमा ही प्रजाती वर्णन झाली. तिचे निदान सहा रंगप्रकार आहेत आणि ‘पॉलिक्रोमा’ या नावाचा अर्थच बहुरंगी. त्याच डोंगररांगेत अफेलोरिया आणि ब्रॅकोरिया या दोन वंशांतल्या प्रजाती एकाच जंगलात राहताना एकमेकींसारख्या रंगायला लागतात. दोघीही विषारी. पक्ष्याने एकीला चोच मारली आणि तोंड पोळून घेतलं की तो दुसरीलाही सोडून देतो, म्हणून सारखं दिसण्यात दोघींचाही फायदा. पलीकडच्या खोऱ्यात त्याच दोघी मिळून वेगळाच रंग धारण करतात. अशा ठिकाणी रंगावरून नाव दिलं तर आपण त्या खोऱ्याचं नाव सांगत असतो, प्रजातीचं नाही.

शिवाय नुकतीच कात टाकलेली वाणी फिकट असते, पिल्लांचा रंग प्रौढांपेक्षा निराळा असतो आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यातला लाल-पिवळा रंग उडून जातो. जुन्या वर्णनांत ‘पांढुरकी’ असं लिहिलेलं असलं तर तो बाटलीतला रंग असण्याची शक्यता धरा.

रंग कामाचा नाही असं मात्र मी म्हणत नाही. 2007 मध्ये थायलंडमधून वर्णन झालेली झगझगीत गुलाबी ड्रॅगन मिलिपीड किंवा अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलांतली काळ्यावर पिवळे ठिपके असलेली हार्पाफी हेडेनियाना, यांना रंग आणि ठिकाण मिळून बऱ्यापैकी ओळखता येतं. रंगाची साक्ष घ्या, पण सगळ्यांत शेवटी.

वासावरून गण सांगता येतो का?

थोडाफार. कडू बदामासारखा वास आला तर पॉलिडेस्मिडा. त्यांच्या ग्रंथींतलं रसायन बाहेर येताना फुटतं आणि बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड तयार होतं. जुलिडा, स्पायरोबोलिडा आणि स्पायरोस्ट्रेप्टिडा बेंझोक्विनोन सोडतात, त्याचा वास आयोडिनसारखा उग्र असतो. पॉलिझोनिडाला कापरासारखा वास येतो. ग्लोमेरिडा गणातल्या ग्लोमेरिस वंशाच्या स्रावातलं रसायन खाणाऱ्या कोळ्याला सुस्त करून पाडतं. स्फेरोथेरिडांकडे अशा ग्रंथीच नाहीत, त्यांचा भरवसा कवचावर.

वास हातभर अंतरावरून येईल तेवढाच घ्या, प्राणी नाकाशी नेऊ नका. पॉलिडेस्मिडा प्राणी बंद डबीत इतर किड्यांबरोबर ठेवले तर ते किडे मरू शकतात.

नर कसा ओळखायचा, आणि सगळेजण त्याच्याच मागे का असतात?

वाणीच्या अभ्यासाचा गाभा हाच आहे. बहुतेक गणांत प्रौढ नराच्या सातव्या वलयावरचे पाय पाय राहत नाहीत. मादीपर्यंत शुक्राणू पोचवण्यासाठी त्यांचा आकार पार बदलतो. त्यांना गोनोपॉड म्हणतात, मराठीत प्रजननपाय म्हणायला हरकत नाही. त्यांना आकडे, पाती, सुळे, चमच्यासारख्या खोलगट जागा, बारीक खाचा असतात. शेजारशेजारच्या प्रजातींची पाठ हुबेहूब सारखी असली तरी प्रजननपायांचा आकार वेगळा असतो, कारण शरीराचा हा भाग उत्क्रांतीत फार वेगाने बदलतो. म्हणून प्रजातीच्या वर्णनात पहिलं चित्र प्रजननपायांचं असतं.

बघायचं असं: वाणी काचेच्या पारदर्शक डबीत ठेवा, खालून भिंग धरा आणि पायांची रांग नजरेने डोक्याकडून मोजत या. सातव्या वलयाशी रांगेत खंड दिसला, तिथे फट किंवा आत दडलेला उंचवटा दिसला, तर तो नर. पॉलिडेस्मिडात आठवी जोडी बदललेली असते, नववी चालायलाच असते, आणि प्रजननपाय बरेचदा बाहेरूनच दिसतात. जुलिडात आठवी-नववी दोन्ही बदलतात आणि पुष्कळदा वलयाच्या आत पिशवीत लपतात, तेव्हा बाहेरून फक्त पाय नसलेली जागा आणि किंचित फुगलेलं वलय दिसतं. लहान डोक्याच्या त्या तीन गणांत नववी आणि दहावी जोडी बदलते, आणि ती इतकी पायांसारखीच दिसते की नवशिक्याच्या नजरेतून हमखास सुटते.

रांग सलग असेल तर मादी किंवा पिल्लू. मादीचे जननावयव दुसऱ्या जोडीच्या मागे आत असतात आणि बऱ्याच प्रजातींत त्यांचं पुरेसं वर्णनच झालेलं नाही. मादीवरून ओळख अडते त्याचं कारण हे अपुरं काम आहे. मादी मिळाली तर तिचीही नोंद करा, त्याच ओंडक्याखालच्या नराच्या नोंदीशी जोडून.

मोठी वाणी आहे, बाकी सगळं नरासारखं, पण प्रजननपाय नीट तयार झालेले दिसत नाहीत. असं का?

काही जुलिडांत प्रौढ नर कात टाकून काही काळ अप्रजननक्षम अवस्थेत जातो आणि पुढच्या कातीनंतर पुन्हा प्रौढ होतो. ओमॅटोयुलस सॅब्युलोसस या युरोपातल्या प्रजातीत हे चांगलं माहीत आहे. अशा नरावरून नाव ठरवू नका.

पिल्लांवरून ओळख पटते का?

गणापर्यंत, फार तर. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाला बहुधा पायांच्या तीनच जोड्या असतात आणि दर कातीला वलयं वाढत जातात. पॉलिडेस्मिडातल्या पॉलिडेस्मस वंशाच्या पिल्लाची वाढ 7, 9, 12, 15, 17, 18, 19 आणि शेवटी 20 वलयं अशी होते. म्हणजे सपाट पाठीच्या वाणीला 18 वलयं दिसली तर तो नवा वंश समजण्याआधी ते पिल्लू आहे का हे बघा.

डोंगरात इतक्या वेगळ्या प्रजाती का? ठिकाणावरून ओळख पक्की करता येते का?

वाणीला पंख नाहीत, ती हळू चालते आणि कोरड्या हवेत लवकर सुकते. दोन थंड, ओल्या शिखरांमधली गरम कोरडी दरी तिच्यासाठी समुद्रासारखी. दोन्ही शिखरांवरचे गट लाखो वर्षं वेगळे राहिले की वेगळ्या प्रजाती होतात. म्हणूनच एखादी प्रजाती एका खोऱ्यात, एका डोंगरसोंडेवर, कधी तर एकाच गुहेत सापडते.

त्यामुळे ठिकाण हा मोठा पुरावा आहे, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. जवळच्या डोंगरावरून माहीत असलेलं नाव तुमच्या डोंगरावरच्या वाणीला लागेलच असं नाही. तिथे कुणी शोधलंच नसेल तर यादीत नाव नसण्याला काही अर्थ नाही. ठिकाणाने शक्यता कमी करा, निर्णय शरीरावरून घ्या. उंची लिहायला विसरू नका. एकाच उतारावर खाली एक आणि वर दुसरी प्रजाती असू शकते.

आणि रस्त्याच्या कडेला, बागेत, कुंड्यांजवळ सापडलेल्या वाणीबद्दल जास्त सावध राहा. माणसाने मातीबरोबर जगभर नेलेल्या काही प्रजाती आहेत. पूर्व आशियातून पसरलेली ऑक्सिडस ग्रॅसिलिस गडद तपकिरी, फिकट पाख्यांची, सुमारे दोन सेंटिमीटर लांब. आग्नेय आशियातून पसरलेली ट्रायगोनियुलस कोरॅलिनस गंजासारखी लाल, गोल नळीसारखी.

कोणते फोटो काढू?

पाठ पूर्ण, कडेची बाजू, डोकं समोरून, शेपटीचं टोक, आणि पोटाकडून पहिली दहा वलयं. शेजारी मोजपट्टी ठेवा. पाचांतला शेवटचा फोटो सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत कमी वेळा काढला जाणारा. वेटोळं घातलेल्या वाणीला जोर लावून सरळ करू नका, दोन मिनिटं सावलीत ठेवली की ती आपणच चालायला लागते.

अतिनील प्रकाशाची बॅटरी वापरावी का?

रात्री शोधायला जरूर. पॉलिडेस्मिडातल्या अनेक प्रजाती त्या प्रकाशात निळसर-हिरव्या चमकतात, आणि अभ्यासक प्रजननपायांचे बारीक फोटो काढतानाही हा प्रकाश वापरतात. पण चमकण्यावरून प्रजाती ठरत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरातली मोटिक्सिया तर बॅटरीशिवाय, स्वतःच्या प्रकाशाने चमकते. तिला डोळे नाहीत, तो उजेड तिला खाऊ बघणाऱ्यांना इशारा असतो.

शेकडो वाण्या एकाच दिशेने चालताना दिसल्या. ही वेगळी प्रजाती असेल का?

झुंड हे शरीराचं लक्षण नाही, पण नोंद जरूर करा. जपानच्या होन्शू बेटावरच्या डोंगरांत पॅराफोंटारिया लॅमिनाटा ही वाणी ठरावीक वर्षांनी लाखोंनी बाहेर पडते आणि रुळांवर चिरडून गाड्या अडवते. अशी नोंद 1920 पासून आहे. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत तिला आठ वर्षं लागतात आणि एका भागातली सगळी एकाच वयाची असतात, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पक्कं झालं. वर्षानुवर्षांच्या तारखांच्या नोंदी नसत्या तर हे कळलं नसतं.

हाताला डाग पडला, आग होते आहे. काय करू?

साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. बेंझोक्विनोनचा तपकिरी डाग बरेच दिवस राहतो, घासून निघत नाही. डोळ्यात उडालं तर लगेच पाण्याने खूप वेळ धुवा आणि डॉक्टरांकडे जा. मोठ्या उष्णकटिबंधी वाण्या स्राव काही सेंटिमीटर दूर उडवू शकतात, म्हणून लहान मुलांनी चेहरा जवळ नेऊ नये.

नमुना घ्यायलाच हवा का?

फोटोवर भागत असेल तर नको. वन्यजीव क्षेत्रात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय तर अजिबात नको. अभ्यासासाठी परवानगी काढून नमुना घेतलात तर आधी जिवंत प्राण्याचे रंगीत फोटो काढा. मग शरीररचनेसाठी 70 ते 75 टक्के इथेनॉल, डीएनएसाठी 95 टक्क्यांच्या आसपास. फॉर्मालिन टाळा, त्याने डीएनए खराब होतो आणि चुन्याच्या कवचालाही इजा पोचू शकते.

ही नवी प्रजाती असेल का?

डोंगरात ही शक्यता खरीच असते. 2022 मध्ये अ‍ॅपलेशियन भागातल्या नॅनारिया वंशातून एकाच शोधनिबंधात 17 नव्या प्रजातींचं वर्णन झालं. त्यातल्या एकीला गायिका टेलर स्विफ्टच्या नावावरून नॅनारिया स्विफ्टी हे नाव मिळालं.  पण पाठीवरून त्या एकमेकींसारख्या दिसत असल्याने प्रजननपाय आणि डीएनए तपासल्याशिवाय वेगळ्या काढता आल्या नसत्या.

‘यादीत सापडत नाही’ म्हणजे नवी, असं नाही. आधी वंश पक्का करावा लागतो, मग त्या वंशातल्या प्रत्येक प्रजातीच्या मूळ वर्णनाशी आणि शक्य असेल तर संग्रहालयातल्या मूळ नमुन्याशी तुलना. हे काम वर्षभराचं असू शकतं. तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा: वंशाचं नाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणत्या झाडाचा पालापाचोळा, ओल किती, नर किती आणि माद्या किती. ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नमुन्याच्या बाटलीच्या आत टाका, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.